पोस्ट-डॉकची बिंदुनामावली कुठाय?

विद्यापीठांच्या विज्ञान विभागांच्या जाहिराती मी गेली काही वर्षं जमवतोय. कुणी तिकिटं जमवतो, कुणी नाणी. मी ह्या जाहिराती. पदाचं नाव : पोस्ट-डॉक्टरल फेलो किंवा रिसर्च असोसिएट. पदसंख्या : एक. मुदत : एक वर्ष, काम समाधानकारक वाटलं तर वाढवून. वय : पस्तिशीच्या आत. पात्रता : रसायन, भौतिक, जीवशास्त्र, जे काय असेल त्यातली पीएच.डी. आणि नावाजलेल्या नियतकालिकांत छापलेले पेपर. निवड : थेट मुलाखतीने. आणि शेवटी बारीक टायपात : पद निव्वळ तात्पुरतं असून उमेदवाराला विद्यापीठात कायम नोकरीचा हक्क सांगता येणार नाही.

आरक्षणाची ओळ शोधायला बसलात तर चष्मा पुसत बसाल. काही जाहिरातींत 'सरकारी नियमांप्रमाणे' एवढं छापलेलं असतं. पद एकच. मग त्या एका पदाचे किती तुकडे करणार आणि त्यातला कितवा तुकडा महारा-मांगाच्या पोराला देणार, हे मात्र कुणी छापत नाही.

ज्या दोस्तांचा ह्या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. विज्ञानात पीएच.डी. झाली म्हणजे माणूस प्रोफेसर होत नाही. मध्ये दोन, तीन, कधी सहा वर्षांचा एक पट्टा आहे. त्यात त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी लॅबमध्ये राबायचं, नवी यंत्रं शिकायची, पेपर काढायचे, स्वतःचा विषय धरायचा, चार मोठ्या माणसांना आपलं नाव ठाऊक करून द्यायचं. ह्याला पोस्ट-डॉक म्हणतात. लॅबचं निम्मं काम हीच माणसं ओढतात. पीएच.डी.ची पोरं त्यांच्याकडून शिकतात. रात्री दोनला बंद पडलेलं यंत्र तेच चालू करतात. पण त्यांच्या पगाराला पगार म्हणायचं नाही, फेलोशिप म्हणायचं. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, सर्व्हिस बुक नाही. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांत रिसर्च असोसिएटला १ जानेवारी २०२३ पासून महिना ५८ हजार ते ६७ हजार, वर घरभाडं, असा दर झाला. आकडा वाचून कुणी म्हणेल, वाईट काय आहे? वाईट काहीच नाही. म्हणून तर विचारतोय, की हे मिळतं कुणाला?

एम.एस्सी.च्या प्रवेशाला आरक्षण आहे. पीएच.डी.च्या प्रवेशाला आहे. असिस्टंट प्रोफेसरच्या नेमणुकीला आहे. मधल्या पोस्ट-डॉकला नाही. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. शंभर वर्षांनी विद्यापीठांनी त्यात सुधारणा केली. शिडी लावली, आणि मधल्या चार पायऱ्या काढून घेतल्या. खालून वर बघणाऱ्याला शिडी दिसते. मग वरचा माणूस विचारतो, अरे शिडी दिलीय की, चढत का नाही? तुमच्यात दम नाही काय?

हे चुकून राहून गेलंय असं समजणाऱ्या भाबड्यांनी कायदे वाचावेत. मी वाचले. वेळ जातो, डोकं दुखतं, पण वाचल्याशिवाय चोर सापडत नाही.

२००६ चा केंद्रीय शैक्षणिक संस्थांचा प्रवेश आरक्षण कायदा घ्या. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७. छान. लगेच पुढे चौथ्या कलमात सुटका कुणाकुणाला, त्याची यादी. त्या यादीत उच्च विशेषीकरणाचे अभ्यासक्रम येतात, कुठले ते सरकारने ठरवायचे, आणि तिथे 'पोस्ट-डॉक्टरल पातळीवरचेसुद्धा' असे शब्द मुद्दाम घातलेत. म्हणजे पोस्ट-डॉकची आठवण कायद्याला आली ती वगळताना. आता २०१९ चा शिक्षक संवर्ग आरक्षण कायदा घ्या. त्यात संवर्ग म्हणजे एकाच वेतनश्रेणीतले सगळे शिक्षक. पोस्ट-डॉकला वेतनश्रेणीच नाही, तर तो संवर्गात येणार कुठून? आणि ज्या संस्थांत विज्ञानाचं सगळ्यात मोठं काम चालतं त्यातल्या कितीतरी, टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या पोटातलं भाभा अणुसंशोधन केंद्र, बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र, अहमदाबादची भौतिकी प्रयोगशाळा, ह्या तर परिशिष्टात नावं घालून कायद्याबाहेरच ठेवल्यात. उत्कृष्टतेच्या संस्था म्हणे. उत्कृष्टतेला आमचा विटाळ होतो!

आपल्या राज्याचा २००१ चा आरक्षण कायदा बघितला तर तिथे आणखी गंमत आहे. ४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांना आरक्षण नाही, असं तो म्हणतो. केंद्राचा नियमही हाच. मग सरळ अर्थ असा, की वर्षभराची नेमणूक असेल तर आरक्षण पाहिजे. पण तिथेच दुसरी फट ठेवलीय : संवर्गात एकच, एकाकी पद असेल तर आरक्षण नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेही १९९८ साली चंदिगडच्या पीजीआयच्या खटल्यात एकट्या पदाला आरक्षण लागू होत नाही असंच ठरवलं.

आता जाहिरातीतली 'पदसंख्या : एक' ही ओळ परत वाचा.

प्रत्येक प्रोजेक्ट वेगळा. प्रत्येक प्रोजेक्टचा मालक वेगळा. प्रत्येक प्रोजेक्टात पोस्ट-डॉक एक. समजा एका विद्यापीठात असे चाळीस प्रोजेक्ट चाललेत. विद्यापीठ एक घटक धरून बिंदुनामावली लावली तर राज्याच्या १३ टक्क्यांनी पाच जागा अनुसूचित जातींच्या, ७ टक्क्यांनी दोन-तीन जमातींच्या, वर भटके-विमुक्त आणि ओबीसी वेगळे. प्रोजेक्ट एक घटक धरला तर? चाळीस वेळा एक. चाळीस वेळा शून्य. कुणी कुणाला 'नाही' म्हणालं नाही. कुणाच्या तोंडून जात निघाली नाही. नुसत्या भागाकाराने आमचा काटा काढला.

हा भागाकार आपल्याला नवीन नाही. २०१७ साली अलाहाबाद हायकोर्टाने शिक्षकभरतीला विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरायला लावला, २०१८ च्या मार्चमध्ये यूजीसीने तसं परिपत्रक काढलं, आणि बघता बघता जाहिरातींतल्या राखीव जागा वितळल्या. तेव्हा देशभर पोरं आणि मास्तर रस्त्यावर उतरले. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला. दोन दिवसांत वटहुकूम निघाला, मग कायदा आला. विद्यापीठ हाच घटक, हे सरकारला लिहून द्यावं लागलं. ती लढाई आपण जिंकलो. पण जिंकलो ती पक्क्या मास्तरांपुरती. त्यांच्याखालच्या मजल्यावर तोच भागाकार आणखी बारीक करून चालू आहे. विभागसुद्धा नाही, आता एकेक टेबल हा घटक.

मुळात ह्या देशाच्या राज्यकर्त्यांना विज्ञान आणि आम्ही एका खोलीत नको होतो. २३ जून १९७५ चं केंद्र सरकारचं एक परिपत्रक आहे. आणीबाणीच्या दोन दिवस आधीचं. संशोधन करण्याच्या, संशोधनाला दिशा देण्याच्या ज्या शास्त्रीय-तांत्रिक जागा वरच्या वर्गातल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या वर असतील, त्यांना आरक्षणातून सूट. लॅबच्या दारापर्यंत या, फार तर उंबरठ्यावर बसा, दिशा आम्ही देऊ. १९९२ च्या मंडल निकालातही सुप्रीम कोर्टाने कुठल्या जागांना आरक्षण इष्ट नाही त्याची जी यादी दिली, तिच्यात अणू-अवकाशासकट संशोधन संस्थांतल्या तांत्रिक जागा आहेत. आधी सरकार, मग कोर्ट, मग संसद. तिघांचंही एका गोष्टीवर एकमत : रॉकेटला आणि अणूला जात चालत नाही. म्हणजे आमची चालत नाही. त्यांची चालते, कारण ती त्यांना दिसतच नाही.

आता 'मेरिट'वाल्यांकडे वळू. 'नेचर' हे जगातलं विज्ञानाचं बडं साप्ताहिक. त्याने जानेवारी २०२३ मध्ये भारतातल्या जातीवर एक लेख छापला. त्यात केंद्र सरकारच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपचे आकडे आहेत. ही पीएच.डी.नंतरच्या तरुण शास्त्रज्ञांसाठीची सगळ्यात मानाची फेलोशिपांपैकी एक. २०१६ ते २०२० ह्या काळात ती मिळालेल्यांपैकी ८० टक्के वरच्या जातींचे. दलित ६ टक्के. आदिवासी एक टक्काही नाहीत. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के, जमाती ८.६ टक्के. त्याच लेखात आघाडीच्या आयआयट्यांमधल्या पूर्ण प्रोफेसरांचा हिशोब आहे : दलित आणि आदिवासी मिळून एक टक्क्याच्या आत. हे काय निसर्गनियमाने झालं? की गुरुत्वाकर्षण खालच्या जातींनाच जास्त लागू होतं?

निवड कशी होते ते सांगतो, म्हणजे मेरिट कुठं राहतं ते कळेल. असिस्टंट प्रोफेसरच्या निवड समितीत निदान एक मागासवर्गीय तज्ज्ञ बसवावा लागतो. प्रोजेक्टच्या मुलाखतीला असं काही बंधन पाळलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण मुलाखत फार पुढची गोष्ट. आधी पत्र लिहायचं असतं. ज्याच्या लॅबमध्ये काम करायचं त्या सायबाला. सर्ब नावाच्या मंडळाने जी राष्ट्रीय पोस्ट-डॉक फेलोशिप चालवली (२०२३ च्या कायद्याने हे मंडळ नव्या अनुसंधान प्रतिष्ठानात विलीन झालं) तिच्या अर्जालाच त्या सायबाची संमती जोडावी लागत होती. वयात मात्र आम्हाला सूट, पस्तीसच्या ऐवजी चाळीस. जागा राखीव नाही, वय राखीव! चाळीस वर्षांपर्यंत उत्तराची वाट बघण्याचा घटनादत्त अधिकार!

आणि तो सायेब पत्र उघडून पहिल्यांदा काय वाचतो? नाव. आडनाव. मग गाईड कोण. गाईडचा गाईड कोण. विज्ञानातलं हे गोत्र आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेतला गाईड असेल तर पोराच्या हातात पत्र पडण्याआधीच फोन गेलेला असतो, 'आपलाच मुलगा आहे, बघ जरा.' 'आपलाच' हा शब्द ऐका. नांदेड-परभणीच्या कॉलेजातून शिकलेल्या सोनकांबळ्याच्या पोराला 'आपलाच' म्हणणारा त्या साखळीत कोण आहे?

एकाचं सांगतो. नाव सांगत नाही, अजून त्याला पोट भरायचंय. मराठवाड्यातला, आईबाप ऊसतोडीला जाणारे. सेंद्रिय रसायनात पीएच.डी. केली, फेलोशिपवर. फेलोशिप सहा-सहा महिने यायची नाही, तेव्हा लॅबचे सॉल्व्हंट स्वतःच्या पैशाने आणले, उधारीवर. चार पेपर छापले, दोनांत पहिलं नाव त्याचं. पीएच.डी.नंतर दीड वर्षात त्याने साठ-सत्तर पत्रं पाठवली. उत्तरं आली सहा. त्यातली चार नकाराची, निदान सभ्य. एका संस्थेने मुलाखतीला बोलावलं. रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यात उभं राहून गेला. तिथल्या सायबाने पहिला प्रश्न विचारला, "तुमची नेट जनरलमधून की कॅटेगरीतून?" दुसरा प्रश्न, "इंग्रजीत बोललात तर बरं होईल." रसायनावर तिसरा प्रश्न आला तेव्हा पंधरा मिनिटं संपत आली होती. मला भेटला तेव्हा हसत सांगत होता. "दादा, मी तयारी केली होती पॅलेडियमची, त्यांनी विचारलं जातीचं. दोन्ही जड धातूच."

आज तो दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. तासावर पैसे, सुट्टीत शून्य. आई फोनवर विचारते, "बाळा, डाक्टर झालास म्हनं, मग नौकरी कवा लागायची रं?" ह्याने तिला काय सांगावं? की अगं, अजून एक पायरी आहे, तिचं नाव पोस्ट-डॉक, आणि ती आपल्यासाठी बांधलेलीच नाही?

बाईचं तर विचारूच नका. आमच्यातली पोरगी पीएच.डी. होईपर्यंत तिशी गाठते. त्यापुढे 'अजून दोन वर्षं बाहेरगावी, तेही तात्पुरतं' हे घरात सांगून बघा. वरच्या जातीच्या मुलीलाही हा जाच आहे, मान्य. पण तिच्या मागे दोन पिढ्यांचं शिकलेलं घर असतं. आमचीच्या मागे कर्ज असतं आणि लहान भावंडांची फी असते.

आता ह्या वगळण्याचा पुढचा डाव बघा, कारण खरी हरामखोरी तिथं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत असिस्टंट प्रोफेसरच्या मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवणारा गुणांचा तक्ता आहे. शंभर गुणांत अध्यापनाला किंवा पोस्ट-डॉकला १० गुण, वर्षाला २ प्रमाणे. पेपरांना आणखी १०. पोस्ट-डॉक केलेल्याचे पेपर जास्त असणारच. म्हणजे दोन्हीकडून त्याचंच माप भरतं. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसरच्या वरच्या श्रेणीला तर पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभवच लागतो. तो अनुभव मिळवायचा कुठं? ज्या दारावर बिंदुनामावली नाही त्या दारातून. आणि मग राखीव जागेची जाहिरात निघते, आमचं पोरगं जातं, समिती फाईल चाळते आणि शेरा मारते : योग्य उमेदवार आढळला नाही. इंग्रजीत तीन शब्द आहेत, नॉट फाउंड सुटेबल. जागा रिकामी. पुढल्या वर्षी परत जाहिरात, परत तोच शेरा. जानेवारी २०२४ मध्ये तर यूजीसीच्या एका मसुद्यात अशा रिकाम्या राखीव जागा खुल्या करायची वाट सुचवली होती. बोंबाबोंब झाली, मंत्रालयाने घाईघाईने खुलासा केला की आरक्षण काढणार नाही. काढायची गरजच काय? आधी पायऱ्या काढायच्या, मग वर पोचला नाही म्हणून नापास करायचं, मग जागा रिकामी दाखवायची. सगळं नियमात.

'एवढं वर चढून संशोधन करणाऱ्याला आरक्षण कशाला, तिथं तरी बुद्धी बघा' असं आपल्याच चळवळीचे काही सुशिक्षित मित्रही म्हणतात. त्यांना मी मेघनाद साहाची आठवण देतो. १८९३ चा जन्म, पूर्व बंगालातल्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा पोरगा, जातीने खालचा गणलेला. कलकत्त्याच्या हॉस्टेलात जातीपायी त्याने अपमान सोसला. १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटाचं कोडं सोडवणारं समीकरण त्याने दिलं, ते आजही त्याच्याच नावाने शिकवतात. पण त्याच सुमाराला कलकत्ता विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर तो लंडनला फाउलरच्या आणि बर्लिनला नर्न्स्टच्या प्रयोगशाळेत काम करायला गेला होता. डॉक्टरेट झाल्यानंतर! ते पोस्ट-डॉकच होतं, नाव काही असो. बुद्धी त्याची होती, पण लंडनचं भाडं बुद्धीने भरलं जात नाही. आणि बाबासाहेब? बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत, मित्राचं कर्ज, तेव्हा कुठं १९२० साली परत जाता आलं. त्यांच्यापेक्षा मोठी बुद्धी घेऊन कोण बसलंय? मुदत कुणालाही मारते. ज्याच्या घरात धान्य आहे तो मुदतीच्या पलीकडे तरतो, एवढाच फरक.

त्याच बाबासाहेबांच्या नावाने उभ्या असलेल्या योजना बघा. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची परदेश शिष्यवृत्ती : पदव्युत्तर आणि पीएच.डी. राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती, ७५ जणांना : पदव्युत्तर आणि पीएच.डी. बार्टीची फेलोशिप : पीएच.डी. सगळ्या योजना एकाच वेशीवर येऊन थांबतात. पुढे काय, ते कुणी लिहिलेलं नाही. यूजीसीने २००६-०७ पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी पोस्ट-डॉक फेलोशिप चालवली होती, वर्षाला १०० जागांची, अख्ख्या देशात, सगळे विषय मिळून. थोडी होती, पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते : इथे राखीव जागा देता येते. आकाश कोसळत नाही.

'फेलोशिप आहे, नोकरी नाही, म्हणून आरक्षण नाही' हे उत्तर मला तोंडावर मिळालेलं आहे. एका विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत, पंख्याखाली बसलेल्या गृहस्थाकडून. बरं, नोकरी नाही तर हजेरीपट कशाला? रजेचा अर्ज कशाला? कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्ट-डॉकची युनियन आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथले सुमारे ४८ हजार शैक्षणिक कामगार संपावर गेले, त्यांत पोस्ट-डॉक होते, आणि पगारवाढ घेऊनच ते कामावर आले. भांडवलशाहीच्या माहेरघरात तो कामगार ठरतो आणि आमच्या समाजवादी प्रजासत्ताकात तो फेलो! फेलो म्हणजे सोबती. सोबत्याला कोण हिशोब देतं? रोहित वेमुला पोस्ट-डॉक नव्हता, पीएच.डी. करत होता, पण फेलोशिप थकणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणी सांगितलं नाही. सात महिन्यांची, एक लाख पंच्याहत्तर हजार. १७ जानेवारी २०१६ च्या शेवटच्या पत्रातही त्याला तो आकडा लिहावा लागला.

आता आपल्या घरात बघू. २०२३ साली बार्टीची ८६१ पोरं-पोरी फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसली. उन्हात बसली, पावसात बसली. मी सलाम करतो त्यांना. पण त्या मांडवात विज्ञानाची जी पोरं होती ती पीएच.डी. झाल्यावर कुठं जाणार, हा प्रश्न मला एकाही भाषणात ऐकू आला नाही. आपल्या चळवळीत कवी उदंड, वकील उदंड, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका गल्लोगल्ली. लॅबमधला माणूस मात्र आपल्याला आपला वाटत नाही. तो मोर्चाला येत नाही म्हणून आपण चिडतो. त्याच्या हाताला ॲसिड लागलेलं असतं आणि डोक्यावर गाईड बसलेला असतो, हे कोण समजून घेणार? आणि आपल्यातले जे मोजके सायेब खरंच प्रोफेसर होऊन बसलेत, त्यांच्याविषयी काय बोलावं. १४ एप्रिलला निळा फेटा बांधून व्याख्यान देतात. त्यांच्या स्वतःच्या प्रोजेक्टात पोस्ट-डॉक कोण, ते एकदा विचारा. मी दोघांना विचारलं. एकाने विषय बदलला. दुसरा म्हणाला, "अरे, आपली मुलं टिकत नाहीत." टिकत नाहीत! हे वाक्य सवर्ण सायबाच्या तोंडून ऐकलं असतं तर आपण त्याच्या केबिनला टाळं ठोकलं असतं.

माझं म्हणणं साधं आहे. २०१९ मध्ये शिक्षकांसाठी विद्यापीठ हा घटक मान्य करायला लावला, तोच पोस्ट-डॉकला लावा. कुठलाही प्रोजेक्ट असो, कुणीही पैसे देवो, विद्यापीठात वर्षभरात निघणाऱ्या पोस्ट-डॉकच्या सगळ्या जागा एका बिंदुनामावलीवर चढवा आणि त्यांची जाहिरात एकत्र, वर्षातून दोनदा काढा. प्रोजेक्टचा मालक ओरडेल की मला माझा माणूस निवडायचं स्वातंत्र्य पाहिजे. निवड की! राखीव यादीतून निवड. पैसे तुझ्या खिशातले नाहीत, करातले आहेत. बाजारातून वस्तू घेताना माझी आईही कर भरत होती. बार्टीने आणि केंद्राने पीएच.डी.च्या पुढची निदान तीन वर्षं फेलोशिपमध्ये धरावीत आणि ती उमेदवाराच्या नावावर द्यावी, सायबाच्या प्रोजेक्टवर नको. पैसा पोराच्या हातात असला तर सायबाच्या पत्राला उत्तर येतं, हे मी बघितलेलं आहे.

हे मागायला आधी आकडे लागतात आणि ते आपल्याकडे नाहीत. विद्यापीठं प्रोफेसरांची जातवार संख्या निदान विचारली तर देतात. पोस्ट-डॉकची ठेवतच नाहीत बहुतेक. म्हणून प्रत्येक जिल्ह्यातल्या मित्राने जवळच्या विद्यापीठात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असलात तर तेही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. अर्जात एवढंच विचारा : गेल्या पाच वर्षांत विज्ञान विभागांत पोस्ट-डॉक आणि रिसर्च असोसिएट म्हणून किती नेमले, वर्षवार, विभागवार, प्रवर्गवार. किती जागांच्या जाहिरातीत आरक्षण दाखवलं. नेमणुकीच्या मुलाखत समितीत मागासवर्गीय सदस्य होता का. फेलोशिप सरासरी किती महिने उशिरा दिली. आणि ह्या नेमणुकांना बिंदुनामावली लागू नाही असं ठरवणारा आदेश असल्यास त्याची प्रत. शेवटचा प्रश्न विसरू नका, जनमाहिती अधिकाऱ्याला सगळ्यात जास्त घाम तिथेच फुटतो. उत्तरं आली की, न आली तरी, त्यांची झेरॉक्स आमच्याकडे धाडा. पुढच्या अंकात विद्यापीठांची नावं घालून छापू.